काचेपुढं चालणारा परशराम

नोव्हेंबर संपता संपता माझी पोस्टिंग लडाखमधल्या एका उंचावरच्या पोस्टवर झाली. मी आर्मीत ड्रायव्हर होतो. रँक लान्स नायक, काम ॲम्ब्युलन्स चालवणं. त्याआधी राजस्थानात होतो. तिथं काचेवरची वाळू झाडायची सवय लागली होती. बर्फाची सवय नव्हती. माझं गाव निपाणी. आमच्याकडं थंडी म्हणजे सकाळी हायवेवर धुकं उतरतं आणि तंबाखूच्या पानांवर दव पडतं, तेवढीच.

गाड्यांचं सगळं हवालदार नेगी बघायचे. गढवालचे, बुटके, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बर्फ में गाड़ी चलाई है?"

"नहीं, उस्ताद."

"तो पहले शीशा साफ करना सीखो. चलाना बाद में."

बाजूला एक नायक उभा होता. त्यानं माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि मराठीत विचारलं, "कुठला रं तू?"

"निपाणी."

"मी लोंढ्याच्या अल्याडचा. खानापूर तालुका. एका जिल्ह्यातलं निघालो की."

तो नायक परशराम गावडे. माझ्या गाडीचा व्हेईकल कमांडर, म्हणजे शेजारच्या सीटवर बसून रस्ता आणि गाडी दोन्हींची जबाबदारी घेणारा. वयानं आणि रँकनं मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणू लागलो. तो मला मिल्या म्हणायचा. माझं नाव मिलिंद. घरात आईशिवाय मला मिल्या कुणी म्हणत नव्हतं.

गाडीची काच साफ करणं हे काम म्हणून कुणाला सांगितलं तर हसतील. तिथं ते सकाळचं पहिलं काम होतं. त्याची तयारी आदल्या संध्याकाळी व्हायची. गाडी लावली की दोन्ही दारं थोडा वेळ सताड उघडी ठेवायची, म्हणजे आतली गरम, दमट हवा बाहेर जाते. ती आत कोंडली तर काचेला आतूनच बर्फ धरतो, आणि तो काढणं बाहेरच्यापेक्षा अवघड. मग वायपर उभे करायचे, नाहीतर ते काचेला चिकटतात आणि सकाळी ओढले की रबर फाटतं. मग पुढच्या काचेवर कोरडं पोतं, त्यावर जुनं ब्लँकेट, कडा दारात दाबून टाकायच्या.

सकाळी ब्लँकेट काढलं तरी कुठून तरी बर्फ आत शिरलेला असायचाच. आधी कोरड्या ब्रशनं भुसभुशीत बर्फ झाडायचा. खाली चिकटलेला थर प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचा. आमची पट्टी परशरामनं फुटलेल्या जेरीकॅनमधून कापली होती. लोखंड लावायचं नाही, चरे पडतात आणि उन्हात समोरचं काहीच दिसत नाही. गरम पाणी तर कधीच नाही. मी दुसऱ्या दिवशीच चहाच्या पातेल्यातलं उरलेलं पाणी घेऊन निघालो होतो. नेगी उस्तादांनी लांबूनच हात वर केला. तोवर इंजिन आणि हीटर सुरू करून ठेवायचं. आतून काचेला दाढीच्या साबणाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि कोरड्या कापडानं पुसून काढायचा. मग श्वासाची वाफ लवकर धरत नाही. तळहातानं काच पुसायची नाही. हाताचं तेल लागतं आणि वाफ तिथंच जास्त बसते.

एकदा कुणीतरी सांगितलं की रम शिंपडली तर काचेवरचा बर्फ लगेच सुटतो. ते खरं आहे, सुटतो. परशराम म्हणाला, "सुटू दे न्हाय तर ऱ्हाऊ दे. काचंला कशाला? मानसं काय मेलीत व्हय?"

ते दिवस चांगले होते. बुखारीभोवती, म्हणजे खोलीतल्या रॉकेलच्या शेगडीभोवती, आम्ही चौघं बसायचो. मी, परशराम, नेगी उस्ताद आणि नर्सिंग असिस्टंट थॉमस. थॉमस केरळचा, समुद्रकाठचा. त्याला मासा मिळत नाही हे एकच दुःख होतं, आणि ते तो रोज जेवताना सांगायचा. परशरामच्या घरी बांगडा कारवारकडून येतो म्हटल्यावर दोघांची तासन्‌तास चर्चा चालायची. एक मोडक्या हिंदीत, दुसरा त्याहून मोडक्या. नेगी उस्ताद ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "राजमा खाओ और सो जाओ."

जानेवारीत लागोपाठ बर्फ पडला आणि रस्ता बंद झाला. डोझर लावून एका गाडीपुरता रस्ता मोकळा केला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट.

सकाळी चहा घेत होतो. मेडिकल ऑफिसर, एक तरुण कॅप्टन, स्वतः पळत आले. शिपाई गुरमीत सिंग नुकताच सुट्टीवरून परत आला होता. रात्रीपासून त्याला धाप लागली होती. आता त्याच्या छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता आणि ओठ निळे पडले होते. उंचीमुळं फुप्फुसात पाणी भरतं तो हा आजार. त्याच्यावर खरा इलाज एकच, माणसाला लवकर खाली नेणं.

"हेलिकॉप्टर?" परशरामनं विचारलं.

"क्लाउड है. नहीं आएगा. अभी निकलो."

आम्ही निघालो. मागं स्ट्रेचरवर गुरमीत, त्याच्याजवळ ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन थॉमस. पुढं मी आणि परशराम. मागच्या आणि पुढच्या भागांच्या मधे एक छोटी खिडकी होती, ती उघडी, म्हणजे हीटरची ऊब मागं जाईल. चाकांना चेन लावलेल्या. काच मी स्वतः साफ केली होती, आरशासारखी.

पहिली काही वळणं नीट गेली. मग हीटरच्या पंख्याचा आवाज बदलला आणि थांबला. परशरामनं बटण दाबून पाहिलं, खालून वायर हलवली, डॅशबोर्डवर बुक्की मारली. पंखा फिरला नाही.

चार माणसांचे श्वास बंद गाडीत. काचेवर आधी वाफ धरली. मी कापडानं पुसली. पुसलेल्या जागी पाण्याचे बारीक कण राहिले आणि बघता बघता त्यांचा बर्फ झाला. परशराम पट्टीनं आतून खरवडू लागला. तो एक कोपरा साफ करेपर्यंत दुसरा पांढरा व्हायचा.

"दोनी खिडक्या खाली कर," तो म्हणाला.

मी केल्या. बाहेरची कोरडी हवा आत आली की वाफ धरत नाही, हे आम्हाला माहीत होतं. पण लगेच मागून थॉमसचा आवाज आला, "विंडो बंद करो. ठंड से ये मर जाएगा."

परशराम मागं वळला. मधली छोटी खिडकी त्यानं ओढून घेतली, अंगावरचं ब्लँकेट काढून तिच्या फटीत कोंबलं आणि तिकडं ओरडून सांगितलं, "तू उसको संभाल. आगे का हम देखेगा."

वाफेचा प्रश्न थोडा मिटला. तेवढ्यात वारा सुटला. उतारावरचा बारीक बर्फ उडून समोरून येऊ लागला आणि थंड काचेला बाहेरून चिकटू लागला. वायपरच्या पात्यांवर गोळे धरले. ते फिरत होते, पण काचेला टेकतच नव्हते. माझ्या समोर हाताच्या पंज्याएवढी जागा मोकळी होती. तीसुद्धा बारीक होत चालली होती.

रेडिओ वाजला. "चार्ली वन, लोकेशन बताओ. ओव्हर."

परशरामनं उत्तर दिलं. "चार्ली वन, बड़े मोड़ के ऊपर. विजिबिलिटी ज़ीरो. मूव्हिंग स्लो. ओव्हर."

"रुक सकते हो? ओव्हर."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग बटण दाबून म्हणाला, "पेशंट रुक नहीं सकता. ओव्हर."

मी गाडी उभी केली होती. डाव्या बाजूला डोंगर, उजव्या बाजूला दरी. मला दोन्ही दिसत नव्हते. मी म्हणालो, "अण्णा, मला रस्ता दिसंना."

"मी दिसतो काय?"

"व्हय, तू दिसतोस."

"मग झालं की. मी फुडं चालतो. माज्या मागनं ये."

तो उतरला. जाड हातमोजात पट्टी धरता येत नव्हती, म्हणून उजव्या हातातला मोजा काढून खिशात कोंबला आणि बाहेरून काच खरवडली. माझ्यासमोर एक खिडकी तयार झाली. मग तो बोनेटच्या पुढं जाऊन उभा राहिला, डावा हात वर केला आणि चालू लागला.

तो पुढं आणि मी मागं, अशी ती सगळी उतरण झाली. काही पावलं चालायचं, थांबायचं, मागं येऊन काच खरवडायची, पुन्हा पुढं जायचं. डावा हात डावीकडं गेला की मी स्टिअरिंग डावीकडं घ्यायचो. हात खाली आला की ब्रेक. मी रस्त्याकडं पाहिलंच नाही. पाहिली ती त्याची पाठ, तिच्यावर साचत गेलेला बर्फ आणि तो हात. गाडी चालवताना मी इतका निर्धास्त आधी कधी नव्हतो, नंतरही कधी झालो नाही. हे लोकांना सांगितलं तर पटत नाही. समोर दरी होती आणि माझं मन शांत होतं.

मोठ्या वळणावर तो एकदम दिसेनासा झाला.

मी ब्रेक दाबला. गाडी चेनसकट थोडी घसरली आणि थांबली. दार उघडून उतरणार, तोच बोनेटच्या खालच्या बाजूनं एक हात वर आला आणि बोनेटवर दोनदा थाप पडली. तो गुडघ्यांवर बसला होता. चाचपून बघत होता. रस्त्याची उजवी कड रात्रीत ढासळली होती आणि वर बर्फाचं पापुद्र्यासारखं छत तेवढं उरलं होतं. वरून पाहिलं तर रस्ताच वाटला असता. तो उठला, उजव्या बाजूला जाऊन कडेच्या अलीकडं दोन्ही पाय रोवून उभा राहिला आणि ओरडला, "डोंगराला घास! आरसा गेला तर जाऊ दे!"

मी गाडी डोंगराला घासून काढली. आरसा गेला. उजवं चाक त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावरून पुढं सरकलं. तो हलला नाही.

त्या वळणाच्या खाली वारा कमी होत गेला. पुढच्या चेकपोस्टवर दुसरी गाडी तयार ठेवली होती, तिचा हीटर चालू होता. गुरमीतला तिच्यात घातलं. थॉमस त्याच्याबरोबर गेला. जाताना आमच्याकडं बघून त्यानं अंगठा वर केला. दुपारी रेडिओवर मेसेज आला की पेशंट हॉस्पिटलला पोहोचला, हालत ठीक.

चेकपोस्टवरच्या जवानानं आम्हाला चहा दिला. परशरामला कप धरता येईना. उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली होती, मेणासारखी. काही दिवसांनी त्यांची टोकं काळी झाली आणि हॉस्पिटलमध्ये ती काढावी लागली. मी भेटायला गेलो तेव्हा तो कॉटवर बसून डाव्या हातानं केळं सोलत होता.

"तुझ्या आईला काय सांगायचं?" मी विचारलं.

"बोनेट पडलं म्हनून सांगायचं. तूबी तेच सांग. थंडीनं गेली म्हटलं तर मला परत वर येऊ द्यायची न्हाय."

मी तेच सांगितलं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी त्याला खालची ड्यूटी दिली होती. त्यानं साहेबांच्या मागं लागून वरची मागून घेतली. त्या हिवाळ्यात माझ्या मुलीचा जन्म झाला आणि मी रजेवर निपाणीला आलो. मुलगी बारा दिवसांचीही नव्हती तेव्हा युनिटमधून फोन आला. सकाळी गाड्या लावायच्या जागेवर वरून हिमकडा कोसळला होता. तिथं तिघं जण होते. हवालदार नेगी, नायक परशराम गावडे आणि थॉमस. ॲम्ब्युलन्स बाहेर काढायची होती म्हणून काचा साफ करत होते.

मी मुलीला तिच्या आईकडं दिलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. संध्याकाळच्या गाडीनं लोंढ्याला गेलो. परशराम घरी पोहोचला तेव्हा मी तिथं होतो. खांदा दिला. नेगी उस्ताद आणि थॉमस आपापल्या गावाकडं गेले. मला तिघांपैकी एकाकडंच जाता आलं.

नंतर मी सर्व्हिस पूर्ण केली. हवालदार होऊन पेन्शनवर आलो. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे त्याच निपाणीत आता माझं दोन खोल्या वाढवलेलं घर आहे, दारात सेकंडहँड कार आहे आणि मुलगी बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. थंडीत सकाळी गल्लीतले लोक गाडी काढताना काचेवर हातानं फराफरा पुसतात. मी गॅलरीतून सांगतो, अहो एसी लावा, गरम हवेवर ठेवा, बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबा. आधी ऐकायचे नाहीत. आता मी दिसलो की स्वतःहून बटण दाबतात.

गेल्या जानेवारीत गुरमीतचा फोन आला. मोबाईलवर युनिटच्या जुन्या लोकांचा ग्रुप आहे, त्यावरून त्यानं माझा नंबर मिळवला होता. आजारपणानंतर त्याची बदली झाली होती, नंतर तोही निवृत्त झाला. पंजाबात शेती करतो, म्हशी आहेत. म्हणाला, "उस्ताद, मुझे गावडे साहब के घर जाना है."

परशराम गेल्याचा दिवस जवळ आला होता. मी दरवर्षी जातोच. म्हटलं, त्या दिवशीच ये.

तो बेळगावला रेल्वेनं आला. मी आदल्या दिवशी त्याला निपाणीला घरी आणलं आणि सकाळी आम्ही निघालो. संकेश्वर सोडलं तेव्हा धुकं दाट होतं. काकतीजवळ समोरच्या ट्रकचे दिवेसुद्धा दिसेनात. काचेवर वाफ धरली तसा गुरमीतनं हात पुढं केला. मी त्याचं मनगट धरलं.

"हाथ से नहीं."

मी बटण फिरवलं. काच खालून वर हळूहळू साफ होत गेली. तो बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "उस दिन हुआ क्या था? मुझे तो कुछ याद नहीं."

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गावडे साहेबांच्या गाडीनं खाली नेलं, एवढंच त्याला माहीत होतं. मी सगळं सांगितलं. खानापुरात त्यानं गाडी थांबवायला लावली आणि मिठाईचा मोठा बॉक्स घेतला.

परशरामची आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढची, पण नजर चांगली. गुरमीतनं पाय धरले आणि म्हणाला, "माँ, परशराम मुझे नीचे लेके आया था. बर्फ में. मैं उसी की वजह से ज़िंदा हूँ."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हनतोय रं ह्यो?"

मी सांगितलं. परशरामचा थोरला भाऊ गोठ्यातून येऊन खांबाला टेकून ऐकत उभा राहिला. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"हातमोजा का काढला त्यानं?"

"मोजा घालून पट्टी धरता येत नव्हती, आई."

"म्हंजे बोटं त्यात गेली?"

"व्हय."

"बोनेट पडलं म्हनलाता."

"व्हय."

"तूबी तसंच म्हनलातास, मिलिंदा."

"व्हय. त्यानंच सांगितलं होतं."

तिनं पदरानं हात पुसले. मला वाटलं, सांगायला नको होतं. मग तिचे ओठ हलले. ती हसत होती. "लहानपनी आंब्यावरनं पडला. हात मोडला. तर बैलानं ढकललं म्हनून सांगितलान."

"आणि बैल मी सोडला म्हनून मार मी खाल्ला," थोरला भाऊ म्हणाला.

आम्ही सगळेच हसलो. गुरमीतला कळलं नव्हतं, तोही हसला. तिनं त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या छातीवर हात ठेवला.

"आता दम लागतोय काय ह्याला? विचार."

मी विचारलं.

"नहीं, माँ."

"शेतात काम करतो?"

"करता हूँ."

"बरं," ती म्हणाली आणि हात तसाच ठेवला.

जेवायची वेळ झाली. भावानं ओटीवर भिंतीलगत तीन केळीची पानं मांडली. पाहुण्यांसाठी असतील असं वाटून गुरमीत एका पानावर बसायला गेला. भावानं त्याला हळूच थांबवलं. ती पानं परशराम, नेगी उस्ताद आणि थॉमस यांची होती. परशराम गेल्यावर पहिल्याच वर्षी तिनं मला विचारलं होतं की त्याच्याबरोबर आणखी कोण गेलं, ते काय खायचे. मी सांगितलं होतं. तेव्हापासून ती तीन पानं वाढते. परशरामच्या पानावर भाकरी, भात आणि वाटाण्याची आमटी. नेगी उस्तादांच्या पानावर राजमा, तो ती खानापूरच्या बाजारातून मुद्दाम मागवते. थॉमसच्या पानावर तळलेला बांगडा. त्या दिवशी मासा चालत नाही असं भटजी म्हणाले होते. तेव्हापासून तिनं भटजींना बोलावणं बंद केलं.

आम्ही बौद्ध. आमच्यात असं पान ठेवत नाहीत. मी दरवर्षी तिथं हात जोडून उभा राहतो. गुरमीत डोक्यावरची पगडी नीट करून माझ्याशेजारी उभा राहिला.

तिनं प्रत्येक पानाभोवती पाणी फिरवलं. मग घरातल्या पोरांना हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "परशराम, नेगी, थामस, जेवा रं."

मग ती आमच्याकडं वळली.

"बसा आता तुमी," ती म्हणाली.

आम्ही बसलो.